‘फार्म फ्रेश’ म्हणजे नेमकं काय? अंडी, चिकन आणि दुधाच्या पाकिटावरचे शब्द जनावराबद्दल काय सांगत नाहीत

तालुक्याच्या गावात आता अंडी दोन तऱ्हेनं मिळतात. एक, किराणा दुकानासमोर ट्रेमध्ये रचलेली सुटी अंडी. दुसरी, सहा किंवा दहाच्या रंगीत बॉक्समधली. सुट्या अंड्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. बॉक्सवर मात्र हिरवं कुरण, उगवता सूर्य, कौलारू घर आणि त्यापुढं दाणे टिपणारी कोंबडी असते. सोबत ‘फार्म फ्रेश’, ‘नैसर्गिक’, ‘हेल्दी’ असे शब्द असतात. बॉक्समधल्या अंड्याला पैसे जास्त पडतात आणि ते देणाऱ्याची समजूत अशी असते की ही कोंबडी चांगली सांभाळलेली असणार.

प्रत्यक्षात ट्रेमधलं अंडं आणि बॉक्समधलं अंडं एकाच प्रकारच्या शेडमधून आलेलं असू शकतं. बॉक्सवर जे छापलंय ते खोटं असेलच असं नाही. बऱ्याचदा ते खरंच असतं. पण ते अंड्याबद्दल असतं, कोंबडीबद्दल नसतं. दुधाच्या पिशवीचं आणि चिकनच्या पाकिटाचंही तसंच आहे.

आपल्या भागात ही जनावरं सांभाळणारे लोक आहेत, त्यामुळं हा विषय फक्त शहरातल्या ग्राहकाचा नाही. ज्या घरात खरोखर परसात कोंबड्या फिरतात, त्या घराच्या कष्टाचा शब्द दुसराच कुणी बॉक्सवर छापून विकतो आहे. म्हणून एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ काय, आणि त्याच्याआड काय राहतं, ते पाहू.

‘फार्म फ्रेश’: फार्म म्हणजे शेड

शहरातल्या माणसाला ‘फार्म’ म्हटलं की शेत दिसतं. आपल्याकडं ‘फार्म’ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोल्ट्री फार्म म्हणजे पत्र्याची लांब शेड. त्यामुळं ‘फार्म फ्रेश’ हे शब्दशः खरं आहे. अंडं फार्मवरून आलं आणि ताजं आहे, एवढंच त्यातून कळतं.

देशातली बाजारात येणारी बहुतेक अंडी लेअर कोंबड्यांची, म्हणजे फक्त अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींची असतात. या कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवल्या जातात. पिंजऱ्याची जमीनही तारेचीच, पुढं थोडी उतरती, म्हणजे अंडं घातलं की ते आपोआप घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येतं. विष्ठा खाली पडते. खाद्य आणि पाणी समोर असतं. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या असतात.

या कोंबडीच्या वाट्याला जागा किती येते? शाळेत, ऑफिसात झेरॉक्ससाठी वापरतो तो ए-फोर कागद घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरतं. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी केलेल्या नियमांत एका कोंबडीमागं किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. म्हणजे सुधारणा म्हणून जो आकडा आला, तोसुद्धा त्या कागदापेक्षा लहान आहे.

घरी कोंबडी पाळलेल्या कुणालाही कोंबडीच्या सवयी सांगाव्या लागत नाहीत. ती उकिरडा उकरते, दुपारी धुळीत अंग घोळवते, रात्री उंचावर बसते आणि अंडं घालायच्या वेळी आडोसा शोधत घरभर फिरते. कोपऱ्यातली पाटी, पेंढ्याचा ढीग, नाहीतर थेट माणसाच्या अंथरुणावर! तारेच्या पिंजऱ्यात यातलं काहीच होत नाही. पंख पूर्ण पसरायलाही जागा नसते. दाटीत कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून पिल्लू लहान असतानाच चोचीचं टोक तापत्या पात्यानं कापलं जातं.

पिंजरा वापरणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. पिंजऱ्यात अंडी स्वच्छ राहतात, फुटतात कमी, खाद्य वाया जात नाही, पक्षी विष्ठेपासून लांब राहिल्यानं काही रोग कमी होतात आणि एका माणसाला जास्त पक्षी सांभाळता येतात. दर रोज बदलणाऱ्या बाजारात नगामागं चार-आठ आणे वाचले तरच धंदा टिकतो. ही कारणं खरी आहेत. प्रश्न एवढाच की हा खरा व्यवहार बॉक्सवर कुठंच दिसत नाही. तिथं कुरणाचं चित्र असतं.

‘शाकाहारी अंडं’: दोन अर्थ, दोन्हींत कोंबडी गायब

काही बॉक्सवर ‘शाकाहारी खाद्यावर वाढवलेल्या कोंबड्यांची अंडी’ असं लिहिलेलं असतं. वाचायला बरं वाटतं. पण कोंबडी मुळात शाकाहारी पक्षी नाही. मोकळी सोडली तर ती किडे, वाळवी, गांडूळ, नाकतोडे आवडीनं खाते. कोंबडी पूर्ण शाकाहारी राहायची असेल तर तिला मातीवर पाय ठेवू देता येणार नाही. मका, सोयापेंड यांचं तयार खाद्यच तिच्या पोटात जाईल अशी सोय करावी लागेल. म्हणजे हा शब्द उलट ती बंदिस्त असल्याचीच खूण सांगतो.

दुसरा अर्थ असा की अंडं फळलेलं नाही, त्यात जीव नाही. हेही खरं आहे. लेअर शेडमध्ये कोंबडा नसतोच, त्यामुळं अंड्यातून पिल्लू येणं शक्य नसतं. पण शेडमध्ये कोंबडा का नाही, हे बॉक्स सांगत नाही.

लेअर जातीची पिल्लं हॅचरीत जन्मतात तेव्हा साधारण निम्मी नर आणि निम्मी मादी असतात. मादी पिल्लं अंड्यांसाठी जातात. नर अंडी देत नाही आणि जात हलक्या अंगाची असल्यानं त्याला ब्रॉयलरसारखं मांसही धरत नाही. त्याला खाऊ घालणं परवडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पिल्लं वेगळी केली जातात आणि नर पिल्लं बहुतांशी मारून टाकली जातात. काही रंग देऊन जत्रेत, बाजारात विकली जातात. हे जगभर चालतं. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून अशी नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली. तिथं अंड्यात असतानाच नर-मादी ओळखण्याची यंत्रं वापरतात किंवा नर पिल्लंही वाढवतात.

अंड्यात जीव नाही, हे बॉक्सवर लिहिलेलं वाक्य त्या अंड्यापुरतं खरं आहे. ते अंडं देणाऱ्या कोंबडीच्या भावाचं काय झालं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

‘गावरान’, ‘देशी’, ‘ब्राऊन’: सगळ्यात जास्त वापरलेला शब्द

आपल्या भागाशी सगळ्यात जवळचा शब्द ‘गावरान’. या शब्दाला दुप्पट-तिप्पट दर मिळतो, म्हणूनच तो सगळीकडं दिसतो.

आधी रंगाचं बघू. कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, ती कशी ठेवली यावर नाही. तपकिरी अंडी देणारी जात पिंजऱ्यात ठेवली तरी अंडं तपकिरीच येणार. आतल्या बलकाचा गडद पिवळा-केशरी रंग खाद्यावर ठरतो. खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूच्या फुलांचा अर्क वाढवला की बलक गडद होतो. त्यामुळं कवच बघून किंवा अंडं फोडून कोंबडी मोकळी होती की कोंडलेली, हे सांगता येत नाही.

आता जातीचं. गिरिराज ही जात बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं, तर वनराज हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संशोधन संस्थेनं तयार केली. कावेरी, डीपी क्रॉस, ऱ्होड आयलंड रेड हीही आपल्याकडं चालणारी नावं. परसात पाळायला ही सुधारित कोंबडी चांगली आहे, बचत गटांच्या कितीतरी बायकांना तिनं आधार दिला आहे. पण हीच जात बंद शेडमध्ये हजारोंनी ठेवली आणि ‘गावरान’ म्हणून विकली, तर ग्राहकाच्या मनातलं चित्र आणि शेडमधलं चित्र यांचा काही संबंध राहत नाही.

यावर एक साधा हिशेब करता येतो. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. मधेच खुडूक बसते, पिल्लं काढते, पिसं झडतात. लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास देते. आता एखादा पुरवठादार म्हणाला की मी रोज १,००० गावरान अंडी शहरात पोचवतो, तर त्याला वर्षाला ३ लाख ६५ हजार अंडी लागतील. म्हणजे साडेचार ते सहा हजार गावरान कोंबड्या मोकळ्या फिरत असायला हव्यात. त्याच्याकडं तेवढ्या आहेत का, किंवा तेवढ्या कोंबड्या पाळणारी किती घरं त्याला जोडलेली आहेत, हे विचारलं की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

मोकळ्या कोंबड्या देशात नाहीत असं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली होती. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पण ती विखुरलेली आहेत, एकेका घरात पाच, दहा, वीस. त्यांची अंडी आठवडी बाजारात, शेजारीपाजारी विकली जातात. त्यांच्यावर लेबल नसतं.

‘हॉर्मोन-फ्री’ चिकन आणि धंद्यातली भाषा

‘हॉर्मोन-फ्री’ हा चिकनच्या पाकिटावरचा लाडका शब्द. पण मुळात ब्रॉयलरला वाढीसाठी हॉर्मोन देण्याची पद्धतच नाही. लाखो पक्ष्यांना एकेक करून टोचणं परवडणारंही नाही. त्यामुळं हा गुण एका ब्रँडचा नाही. जी गोष्ट सगळ्यांनाच लागू आहे ती आपल्या एकट्याची म्हणून छापली की शेजारच्या पाकिटावर उगाच संशय येतो आणि आपला माल वरचढ दिसतो.

ब्रॉयलर ३५ ते ४० दिवसांत दोन किलोच्या आसपास भरतो, तो निवडक पैदाशीमुळं आणि ताकदीच्या खाद्यामुळं. पक्ष्याला त्रास होतो तो नेमका याच वाढीनं. मांस वेगानं वाढतं, पाय आणि हृदय त्या वेगानं तयार होत नाहीत. शेवटच्या आठवड्यात बसून राहणारे, लंगडणारे, उन्हाळ्यात धापा टाकून मरणारे पक्षी शेडवाल्यांना नवे नाहीत. ‘हॉर्मोन-फ्री’ म्हटल्यानं यातला कुठलाच त्रास कमी होत नाही.

‘अँटिबायोटिक-फ्री’ या शब्दाला मात्र वजन आहे. दाटीच्या शेडमध्ये रोग पसरू नये म्हणून खाद्यातून औषधं देण्याची सवय होती. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. पण इथंही प्रश्न विचारायला हवा. औषध थांबवलं म्हणजे गर्दी कमी केली का? पाकीट फक्त औषधाबद्दल बोलतं.

धंद्याच्या आतही वेगळीच भाषा आहे. पिल्लं आली की ‘प्लेसमेंट’, मेली की ‘मॉर्टॅलिटी’, गाडी भरून गेली की ‘लिफ्टिंग’, अंडी कमी झालेली कोंबडी म्हणजे ‘स्पेंट हेन’. कंपनीच्या कागदावर पक्षी नसतोच, बॅच असते. करारावर शेड चालवणारे शेतकरीही हीच भाषा बोलतात, कारण त्यांचं बिल त्याच शब्दांवर निघतं. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि राबणं शेतकऱ्याचं. मोबदला किलोमागं ठरलेला. पक्ष्यांना जरा ऐसपैस जागा द्यावी असं त्याला वाटलं तरी किती पिल्लं टाकायची हे बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं. म्हणून वाईट वागणुकीचं खापर थेट शेडवाल्याच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. पाकिटावरचा शब्द त्यानं लिहिलेला नसतो आणि त्या शब्दाचा जादा दरही त्याला मिळत नाही.

दूध: ‘ए-टू’, ‘देशी गाय’ आणि चित्रातलं वासरू

दुधाच्या पिशवीवर हिरवा ठिपका असतो. तो एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी वर्गात मोडतो. गाय-म्हैस कशी ठेवली याच्याशी त्याचा संबंध नाही, पण हिरव्या रंगामुळं अनेकांना तसं वाटतं.

‘ए-टू’ हा शब्द दुधातल्या बीटा-केसीन नावाच्या प्रथिनाच्या एका प्रकाराचं नाव आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २१ ऑगस्ट २०२४ रोजी कंपन्यांना पाकिटावरून ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांनी, २६ ऑगस्टला, तो आदेश मागं घेतला. वाद चालू राहील. पण तो वाद प्रथिनाचा आहे. ए-टू दूध देणारी गाय दिवसभर आखूड दाव्याला बांधलेली असली तरी दूध ए-टूच राहतं.

पिशवीवरच्या चित्रात गाईशेजारी बहुधा वासरू असतं. प्रत्यक्ष गोठ्यात वासराची जागा कुठं असते? दूध हवं तर गाय-म्हैस व्यायला हवी. व्याली की नर किंवा मादी होणार. कालवड किंवा पारडी असेल तर तिला किंमत आहे, ती सांभाळली जाते. गोऱ्हा किंवा टोणगा झाला तर चेहरा पडतो. पूर्वी गोऱ्ह्याचा बैल व्हायचा. आता शेती ट्रॅक्टरवर गेली आणि संकरित गोऱ्ह्याला तर औताला कुणी विचारत नाही. अनेक ठिकाणी पान्हा सोडण्यापुरतं वासराला लावतात आणि लगेच बाजूला ओढतात. नर वासराच्या पोटात दूध पुरेसं जातच नाही. २०१५ पासून राज्यात गोवंशातल्या नर जनावरांच्या, म्हणजे वळू-बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळं गोऱ्हा विकण्याचीही वाट उरलेली नाही. काही गोशाळेत जातात, काही रस्त्यावर. मोकाट जनावरांनी रात्रीत पीक खाल्ल्याची तक्रार करणाऱ्या गावांना हा दुवा वेगळा सांगायला नको. म्हशीच्या टोणग्याला ती बंदी लागू नाही, तो शेवटी खाटकाकडं जातो. सरकार आता लिंगनिवड केलेल्या वीर्यमात्रांना अनुदान देऊन मादी वासरंच जास्त जन्मावीत असा प्रयत्न करतं आहे, त्यामागं हेच कारण आहे.

वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. पूर्वी कातड्यात पेंढा भरून वासराचं सोंग तिच्यापुढं ठेवत. आता काही जण ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारं काही टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे. दंड एक हजार रुपयांपर्यंत किंवा कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. तरीही दुधाच्या पिशवीवर याबद्दल हो किंवा नाही असं काही लिहावं लागत नाही.

‘अहिंसा दूध’, ‘क्रुएल्टी-फ्री’ असे शब्दही आता दिसू लागलेत. वासराला आधी पाजतो, नर वासरं विकत नाही, भाकड गाई मरेपर्यंत सांभाळतो, असं त्यात अभिप्रेत असतं. जे खरंच असं करतात त्यांचं दूध महाग असणारच, कारण दूध न देणारी जनावरंही त्या दुधाच्या पैशावर जगतात. म्हणूनच साध्या दरात कुणी हा शब्द देत असेल तर गाई किती, भाकड किती, गोऱ्हे किती आणि ते कुठं आहेत, हे विचारायला हरकत नाही.

कायदा काय म्हणतो?

पाकिटावरच्या शब्दांसाठी कायदा नाही असं नाही. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ असे शब्द कधी वापरता येतील याच्या अटी आहेत. पण त्या अटी पदार्थाच्या आहेत. त्यात काही मिसळलंय का, त्यावर प्रक्रिया काय झाली, हे तिथं बघितलं जातं. जनावर कसं वाढलं हा प्रश्नच त्या अटींमध्ये येत नाही.

याच नियमात एक गंमत आहे. असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्यानं दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, त्यातून पदार्थाचं खरं स्वरूप कळत नाही, अशा अर्थाची सूचना छापावी लागते. घरातलं पाकीट घेऊन खालची बारीक अक्षरं वाचून बघा. पुढं मोठ्या अक्षरांत दिलेलं बऱ्याचदा तिथं काढून घेतलेलं असतं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावानं होणाऱ्या फसव्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘नैसर्गिक’, ‘ऑर्गेनिक’, ‘क्रुएल्टी-फ्री’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरू नयेत, असं त्यात आहे. ‘ऑर्गेनिक’ला आधीपासून प्रमाणपत्र लागतं आणि पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह असतं. म्हणजे या यादीतला जरा भरवशाचा शब्द तोच.

जनावराच्या बाजूनं बघितलं तर १९६० च्या कायद्याचं कलम ११ म्हणतं की जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. १९६० साली ठरलेला हा आकडा आज दहा अंड्यांच्या बॉक्सच्या किमतीइतकाही भरत नाही. भारतीय विधी आयोगानं जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा विचार करून पिंजरे बंद करणाऱ्या नियमांचा मसुदा सुचवला होता. २०२३ चे नियम आले तेव्हा पिंजरा राहिला, फक्त त्याचं माप ठरलं.

आणि सगळ्यात मोठी पोकळी अशी: कोंबडी पिंजऱ्यात होती की मोकळी, हे अंड्यावर लिहिण्याची आपल्याकडं सक्तीच नाही.

ही सक्ती करता येत नाही असंही नाही. युरोपीय संघात २००४ पासून अंड्यावर शिक्का मारतात आणि त्याचा पहिला आकडा कोंबडी कशी ठेवली ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे बाहेर मोकळी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, ३ म्हणजे पिंजऱ्यात. तिथं १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीचे उघडे पिंजरे बंद आहेत. बसायला दांडी, अंड्याला आडोसा आणि कोंबडीमागं किमान ७५० चौरस सेंटिमीटर जागा असलेले पिंजरे चालतात. तिथंही ३ आकड्याचं अंडं विकलं जातं आणि घेणारे घेतात. पण घेताना त्यांना माहीत असतं. एका आकड्यानं जे होतं ते कुरणाच्या चित्रानं होत नाही.

ग्राहकानं काय विचारावं, विकणाऱ्यानं काय लिहावं

‘केज-फ्री’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पिंजरा नाही एवढाच घ्या. कोंबडी बंद शेडमध्ये, जमिनीवर दाटीनं असू शकते. ‘फ्री-रेंज’ असेल तर बाहेर जायला जागा आहे का, रोज किती वेळ दार उघडतं, हे विचारा. प्रश्न विशेषणाचा नको, मोजता येईल असा हवा:

– कोंबड्या किती आणि जागा किती फूट?
– त्या बाहेर मातीवर जातात का?
– चोच कापलेली आहे का?
– अंडी कमी झाल्यावर त्यांचं काय होतं?
– गोठ्यात नर वासरं किती आहेत? भाकड जनावरं कुठं आहेत?
– येऊन बघता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. आपल्या भागात तर तो सहज विचारता येतो. शेड आणि गोठा दहा-वीस किलोमीटरच्या आत असतो. रोगाच्या भीतीनं लेअर शेडमध्ये बाहेरच्याला आत घेत नाहीत, ते रास्त आहे. पण मग निदान फोटो आणि आकडे तरी मिळायला हवेत.

पाकिटावरचा दावा खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडंही देता येते. पाकिटाचा फोटो, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा.

परसात कोंबड्या पाळणाऱ्या ताई-मावशींना आणि छोट्या गोठेवाल्यांना यातून एक रस्ता दिसतो. ‘गावरान’ हा शब्द आता कुणीही छापतो, त्याच्यावर तुमचा हक्क शाबित करणं अवघड आहे. पण आकडे तुमच्याकडं आहेत आणि ते दुसऱ्याला छापता येत नाहीत. बचत गटाच्या साध्या कागदी पट्टीवर ‘आमच्या १२ घरांत मिळून १८० कोंबड्या, दिवसभर मोकळ्या, रात्री खुराड्यात, गाव अमुक, अंडी गोळा केल्याची तारीख अमुक’ एवढं लिहिलं, तरी गिऱ्हाइकाला चित्राच्या बॉक्सपेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात कोंबड्या शेडमध्येच असतात, खुडूक बसल्या की अंडी कमी मिळतात, हेही लिहायला लाजायचं कारण नाही.

जनावर बरं ठेवायला खर्च येतो. जागा लागते, चारा लागतो, भाकड आणि नर जनावरांचं पोट भरावं लागतं. आज त्या खर्चाचे पैसे ग्राहक देतो आहे, पण ते शब्द छापणाऱ्याकडं जातात. ते पैसे खर्च करणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत आणि शेवटी त्या जनावरापर्यंत पोचायचे असतील, तर अंड्यावर आणि पिशवीवर जनावर कसं ठेवलं ते लिहिण्याची सक्ती व्हायला हवी. तोवर पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचायची आणि दुकानदाराला वरचे प्रश्न विचारायचे, एवढं आपल्या हातात आहे.